माती-खड्यांचं ब्रेसलेट : हौस हवी, धूळ नको

मैत्रिणींनो, मार्गशीर्षातले गुरुवार संपत आले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : यंदा संक्रांतीचं वाण काय द्यायचं? स्टीलच्या वाट्या देऊन झाल्या, प्लॅस्टिकचे डबे झाले, पर्स झाल्या, रुमाल झाले. आपण दिलेली वाटी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीकुंकवात आपल्याच हातात परत येते, हाही अनुभव काही नवा नाही! मग वाटतं, स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी द्यावं. फार खर्चाचं नको, पण घेणारीनं ते आवडीनं वापरावं.

अशांसाठी यंदा एक सोपी वस्तू सुचवते. कुंभाराच्या लाल मातीचं ब्रेसलेट आणि त्यात रंगीत दगडाच्या बारीक खड्यांची नक्षी. ब्रेसलेट म्हणजे काही सौभाग्यलेणं नव्हे. त्यामुळे ते शेजारच्या कॉलेजकन्येला देता येतं, सासूबाईंच्या मैत्रिणीला देता येतं, आणि अलीकडे कितीतरी घरी ज्यांना आवर्जून बोलावतात त्या एकट्या राहिलेल्या काकू-मावशींच्या हातातही मोकळेपणानं घालता येतं. माझ्या मते हा त्याचा मोठाच गुण आहे.

कृती सविस्तर देतेच आहे. पण या कामात दगड बारीक करण्याची जी पायरी आहे, तिच्याविषयी थोडं जास्त लिहिणार आहे. का, ते पुढे कळेलच.

ही हौस आजची नाही

माती आणि दगड अंगावर मिरवण्याची हौस फार जुनी. मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली नर्तकीची काशाची मूर्ती आपण शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची, पण डावा हात पाहा, दंडापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला! त्या काळच्या गावांत भाजक्या मातीच्या बांगड्यांचे तुकडे ढिगांनी सापडतात.

इतकं लांब कशाला, आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती होती ती. तिथल्या बायाबापड्यांच्या दागिन्यांत मातीचे मणीही होते आणि लाल अकिकासारख्या रंगीत दगडांचेही. म्हणजे आपण करणार आहोत त्याला घरचीच परंपरा आहे म्हणायची.

माती कोणती घ्यावी?

गणपतीच्या वेळी उरलेला शाडू घरात असतो, तो चालेल का, असं पुष्कळजणी विचारतात. शाडूचा गणपती सुबक होतो, पण त्याचा गुणच मुळी पाण्यात विरघळण्याचा. हातातल्या वस्तूला तो उपयोगाचा नाही. सरळ कुंभारवाड्यात जा आणि तयार मळलेली माती मागा. कुंभार आपल्या मातीत राख, लीद किंवा बारीक रेती मिसळून ती अशी बेतानं तयार करतो की वाळताना आणि भाजताना तडकू नये. हे प्रमाण त्याच्या हातात बसलेलं असतं, आपण घरी ते जमवत बसण्यात अर्थ नाही.

एका ब्रेसलेटला पन्नास-साठ ग्रॅम माती लागते. मोडतोड धरून अर्ध्या किलोत आठ ब्रेसलेटं होतात. चाळीस वाणं करायची असतील तर अडीच किलो पुरे. माती ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर आठवडाभर मऊ राहते.

साहित्य

कुंभाराची मळलेली माती, एक जुनं लाटणं (हे पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही), आठ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, पट्टी आणि सुरी, चौदा नंबरची विणायची सुई, रंगीत दगडाची खडी, एका ब्रेसलेटला चहाचा अर्धा चमचा, अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा पक्का गोंद, एक मिलिमीटर जाडीचा मण्यांचा इलॅस्टिक दोरा, दात कोरण्याच्या लाकडी काड्या, रबरी हातमोजे.

आधी मोजमाप, मग माती

माती वाळताना आकसते आणि भाजल्यावर आणखी आकसते. म्हणून मनगटाच्या मापाचं अखंड कडं करायच्या फंदात पडू नका. कच्चं असताना ते हातात छान जाईल आणि भट्टीतून आलं की बोटांवरच अडेल. त्यापेक्षा सुटे चौकोन करून ओवलेले बरे. एखादा तडकला तरी बाकीचे वाया जात नाहीत.

माती किती आकसते हे प्रत्येक गावच्या मातीचं वेगळं असतं. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मातीची एक पट्टी लाटा, त्यावर सुईनं बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, आणि पट्टी वाळवून कुंभाराकडून भाजून आणा. रेघ आता ९ सेंटिमीटर भरली, तर माती शेकडा दहा आकसते असं समजायचं. पुढची मापं मी हेच प्रमाण धरून दिली आहेत.

बायकांचं मनगट साधारण १६ सेंटिमीटर धरलं, तर ब्रेसलेट १८ सेंटिमीटर हवं. तयार झाल्यावर २ सेंटिमीटर रुंदीचे सात चौकोन म्हणजे १४ सेंटिमीटर. मधल्या सात जागी ६ मिलिमीटरचे मणी म्हणजे ४.२ सेंटिमीटर. एकूण १८.२. झालं आपलं माप! दोन दोऱ्यांवर ओवायचं असल्यामुळे मणी मात्र सातच्या दुप्पट, चौदा लागतील.

कृती

माती पाटावर घेऊन कणकेसारखी दहा मिनिटं चांगली मळा. आत हवेचा फुगा राहता कामा नये. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी आठ मिलिमीटर येईल. मग शंकरपाळ्या कापतो तशा रेघा मारून २.२ सेंटिमीटर रुंद आणि १.८ सेंटिमीटर उंच असे चौकोन कापा. कडा ओल्या बोटानं गुळगुळीत करा.

आता प्रत्येक चौकोनाला रुंदीच्या दिशेनं, आरपार, एकाखाली एक अशी दोन भोकं विणायच्या सुईनं पाडा. भोकं चौकोनाच्या मागच्या अंगाला असावीत, कारण पुढच्या अंगाला खाच घ्यायची आहे. सुई दाबत घुसवू नका, गोल फिरवत फिरवत घाला, आणि दुसऱ्या बाजूला टोक दिसलं की काढून त्या बाजूनं परत घाला. म्हणजे माती बाहेर फुगत नाही.

पुढच्या बाजूला मधोमध सुरीच्या टोकानं १.४ सेंटिमीटर लांब, ९ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर खोल अशी खाच कोरून घ्या. आंब्याच्या कोयरीचा, पानाचा, नुसत्या तिरप्या रेघांचा, कसलाही आकार चालेल. रांगोळीत हात बसलेल्या बायकांना हे काही शिकवायला नको. खाचेचा तळ मात्र खरबरीत ठेवा, गोंद चांगला धरतो.

मणी हाताच्या तळव्यावर तिळाच्या लाडवासारखे वळायचे, साडेसहा ते सात मिलिमीटरचे, आणि ओले असतानाच मधून सुई घालायची.

वाळवणं आणि भाजणं

पहिला दिवस सगळं फडक्याखाली झाकून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवसापासून फडकं काढा आणि पापड उलटतो तसे चौकोन दिवसातून दोनदा उलटत जा. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलेत तर एक बाजू आधी वाळते आणि चौकोन वाकडे होतात. चार-पाच दिवसांनी चौकोन गालाला लावून पाहा. गार लागला तर आत अजून ओल आहे. ती ओल भट्टीत गेली की तिची वाफ होते आणि तुकडा फुटतो.

भाजणं हे काम कुंभाराचंच. आपल्या केकच्या ओव्हनमध्ये फार तर अडीचशे अंशांपर्यंत उष्णता मिळते. तेवढ्यानं माती नुसती कोरडी होते, पाण्यात टाकली की पुन्हा चिखल! मातीच्या अंगातलं पाणी कायमचं जायला साडेचारशे ते सहाशे अंश सेल्सिअस लागतात, आणि कुंभाराच्या आव्यात साधारण सातशे ते नऊशेपर्यंत उष्णता जाते. गॅसच्या बर्नरवर तर मुळीच ठेवू नका. एका बाजूनं एकदम तापून तुकडे उडतात आणि डोळ्याला इजा होऊ शकते.

सगळे तुकडे एका लहान झाकणाच्या मडक्यात भरून द्या, म्हणजे आव्यात हरवत नाहीत. आणि हो, ‘एवढंसं तर काम आहे, त्याचे काय पैसे?’ असं म्हणू नका. त्याच्या आव्यात जागा आपण घेतो, लाकूडफाटा त्याचा जळतो.

भाजून आलेला चौकोन नखानं वाजवला तर टणटण वाजला पाहिजे. एक तुकडा रात्रभर पाण्यात टाकून ठेवा. सकाळी जसाच्या तसा असेल तर काम पक्कं.

खडे भाजण्याआधी का बसवायचे नाहीत?

ओल्या मातीतच खडे दाबून दिले तर गोंदाचा खर्च वाचेल, असं कुणालाही वाटेल. पण तसं जमत नाही. माती आकसते, दगड आकसत नाही, त्यामुळे खड्याभोवती तडे जातात. शिवाय प्रत्येक दगडाची आपली एक खोड असते. गारगोटी ५७३ अंशांना एकदम फुगते. संगमरवर आठशे अंशांच्या आसपास गेला की त्याचा चक्क कळीचा चुना होतो! भट्टीतून आला तेव्हा छान दिसतो, आणि मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि माती फोडून बाहेर येतो. म्हणून आधी माती भाजायची आणि खडे मागाहून बसवायचे, हाच क्रम.

आता मुद्द्याची गोष्ट : दगडाचा चुरा

आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी चाळीस ब्रेसलेटांचं वाण करायचं ठरवलं होतं. सुट्टीत माहेरी गेल्या तेव्हा भावाच्या शेतातून पिशवीभर गारगोट्या घेऊन आल्या. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात अशा पांढऱ्या, तांबूस, निळसर गारगोट्या पुष्कळ मिळतात, आणि माहेरच्या शेतातला दगड सगळ्यांच्या हातात जावा ही कल्पनाही किती गोड! मी वह्या तपासायला बसले होते तर मागच्या गॅलरीतून ठण्‌ठण्‌ आवाज. जाऊन पाहिलं तर वहिनी लोखंडी खलबत्त्यात गारगोट्या कुटत बसलेल्या. तुळशीच्या पानांवर पिठासारखी पांढरी धूळ बसलेली आणि शेजारी धाकटा गाडी-गाडी खेळत होता.

“अहो वहिनी, आधी थांबा बघू,” मी म्हटलं.

“का हो? पदर बांधलाय की नाकाला,” त्या म्हणाल्या.

पदर बांधला की झालं, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. म्हणूनच हे लिहिते आहे.

गारगोटी, अकीक, वाळूचा दगड, ग्रॅनाइट यांच्यात सिलिका असते. हे दगड कोरडे कुटले किंवा घासले की तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या धुळीचा. तिचे कण इतके सूक्ष्म असतात की साडीच्या पदरातून ते सहज पार होतात, हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसतात. शरीराला ते बाहेर काढता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. या रोगाचं नाव सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची लागण लवकर होते. आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ही धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली.

गुजरातेत खंभात म्हणून गाव आहे. अकिकाचे मणी, अंगठीचे खडे, माळा यांसाठी ते शतकानुशतकं नावाजलेलं. तिथे दगड घासण्याचं काम बऱ्याच वेळा घरात किंवा घराला लागून असलेल्या पडवीत चालत आलं आहे. त्यामुळे चाकावर बसणारा कारागीरच नव्हे, तर शेजारी स्वयंपाक करणारी त्याची बायको आणि अंगणात खेळणारी मुलं तीच हवा घेत आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या कारागिरांची तपासणी केली, तेव्हा सिलिकोसिसचे रोगी आढळले. मध्य प्रदेशातल्या मंदसोरलाही तेच. तिथे पाटीवर लिहायच्या पेन्सिली होतात. शाळेत मुलांच्या हातात मी इतक्या पेन्सिली पाहिल्या, पण त्या कापताना उडणाऱ्या धुळीनं कितीतरी तरुण माणसं अकाली गेली, हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. एखाद्या दिवशी एक दगड फोडला म्हणून कुणाला सिलिकोसिस होत नाही. तो होतो रोजच्या, वर्षानुवर्षांच्या धुळीनं. पण आपलंही कसं होतं बघा. आधी दोन ब्रेसलेटं हौसेनं, मग चाळीस वाणासाठी, मग कुणीतरी म्हणतं, “किती छान! विकत का नाही देत?” बचतगटाच्या प्रदर्शनात टेबल लागतं, दिवाळीला दोनशेची मागणी येते, आणि गॅलरीतला खलबत्ता रोजचाच होऊन बसतो. कारखान्याला नियम असतात, तपासायला माणूस येतो. आपल्या गॅलरीत कोण येणार? तिथे नियम आपणच करायचे.

आणि हिशेब तर मांडा. एका ब्रेसलेटला खडी लागते चहाचा अर्धा चमचा. चाळीस ब्रेसलेटांना फार तर अर्धा कप. एवढ्यासाठी घरातल्यांच्या श्वासाशी खेळ कशाला?

मग खडी कुठली, कशी करावी?

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे तयार खडी विकत घेणं. मण्यांच्या आणि दागिन्यांच्या सामानाच्या दुकानात लाल, हिरव्या, निळ्या दगडाच्या बारीक चिप्स मिळतात. घरी आणून चाळणीत पाण्याखाली धुतल्या की काम झालं.

घरीच करायची हौस असेल तर मऊ दगड निवडा. मोझॅकच्या लाद्यांत घालतात ती संगमरवरी खडी पाहा. पांढरी, पिवळसर, गुलाबी अशा छटा मिळतात. दगड मऊ आहे की नाही हे ओळखायच्या दोन घरगुती परीक्षा आहेत. पहिली, सुरीनं ओरखडा काढा. ओरखडा पडला तर दगड मऊ. सुरी नुसतीच घसरली, किंवा दगडानंच काचेवर चरा पाडला, तर तो गारगोटीच्या जातीचा, बाजूला ठेवा. दुसरी, ओरखड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याच्या जातीचा दगड, आपल्या कामाचा. दोन्ही परीक्षांत उतरेल तोच दगड फोडायचा. कातळाच्या पोकळीत सुयांच्या झुपक्यांसारखे पांढरे स्फटिक सापडतात, ते दिसायला सुंदर असतात. पण ते तसेच कपाटात ठेवावेत, कुटू नयेत. तसल्या काही दगडांचे तंतू फुप्फुसाला फार वाईट.

दगड मऊ असला तरी फोडायचा तो ओलाच. पद्धत अशी : खडी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी ओल्या जाड गोणपाटाच्या दोन घड्यांत गुंडाळा आणि अंगणातल्या फरशीवर ठेवून हातोडीनं ठोका. मधूनमधून पाण्याचा शिपका द्या. गोणपाट उघडायच्या आधी पुन्हा भिजवा. मग सगळा चुरा पाण्यानं भरलेल्या पातेल्यात टाका. वरचं दुधाळ पाणी फडक्यातून गाळून अंगणातल्या मातीत ओता, मोरीत ओतलंत तर नळी तुंबेल. राहिलेली खडी चहाच्या जुन्या गाळणीवर धुवा आणि पसरून वाळवा. एक ते दोन मिलिमीटरचे दाणे सर्वांत चांगले दिसतात.

वाढलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडेही याच पद्धतीनं बारीक करता येतात. हिरव्या चुड्याचा रंग लाल मातीवर फार खुलतो. मात्र जाड हातमोजे घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा.

एवढे नियम मात्र पाळाच :

१. स्वयंपाकाचा पाटा-वरवंटा, खलबत्ता आणि मिक्सर दगडासाठी कधीही वापरू नये.

२. सांडलेला चुरा केरसुणीनं झाडू नये, ओल्या फडक्यानं टिपून घ्यावा.

३. लहान मुलं, दम्याची माणसं आणि गरोदर सुनालेकी यांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये.

४. नाकाला रुमाल किंवा पदर पुरत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. पण मास्क आहे म्हणून कोरडं कुटायला मोकळीक मिळाली, असं समजू नये.

५. काम संपल्यावर हात-तोंड धुवावं आणि ते कपडे न झटकता पाण्यात भिजत घालावेत.

खडे बसवणं आणि ओवणं

भाजलेले चौकोन ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. खिडक्या उघडा, हातमोजे घाला. हा गोंद कातडीला लागून काहींना खाज आणि पुरळ उठतं. दोन नळ्यांतला गोंद वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात जुन्या झाकणात काडीनं कालवा. एका वेळी दोन-तीन ब्रेसलेटांपुरताच घ्या, लवकर घट्ट होतो. खाचेत पातळ थर लावा, त्यावर खडी पसरा आणि काडीच्या टोकानं एकेक दाणा दाबून बसवा. मग वरून गोंदाचा अगदी पातळ हात फिरवा. ओट्यावर सपाट ठेवून चोवीस तास हात लावू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा शोधा.

एखादा दाणा टोचरा राहिला तर काळा वॉटर पेपर घ्या, चौकोन पाण्यात बुडवून हलकेच घासा. इथेही कोरडं घासायचं नाही.

ओवताना दोन दोरे घ्या. प्रत्येक चौकोनानंतर प्रत्येक दोऱ्यात एकेक मणी. शेवटी दोरा किंचित ताणून दुहेरी गाठ मारा, गाठीवर गोंदाचा थेंब सोडा आणि ती चौकोनाच्या भोकात सरकवा. इलॅस्टिक पुढेमागे सैल पडतं, तेव्हा नवीन ओवून घ्यावं. ब्रेसलेट भांडी घासताना आणि अंघोळीला काढून ठेवावं. माती आहे, फरशीवर पडली तर फुटणारच, तेव्हा जपून वापरावं.

विकायचं असेल तर

पुष्कळजणी मातीचे, दोऱ्याचे आणि गोंदाचे पैसे मोजतात आणि त्यावर थोडे चढवून किंमत सांगतात. आपले तास कुणी मोजायचे? लाटणं, कोरणं, खडे बसवणं, ओवणं मिळून एका ब्रेसलेटला हाताचे सुमारे अडीच तास जातात. बाहेरच्या माणसाला तेवढ्या तासांचे आपण काय दिले असते ते लिहा, कुंभाराचे पैसे लिहा, तडकलेल्या चौकोनांची तूट लिहा, आणि मगच किंमत ठरवा. तयार खडी थोडी महाग पडते, तीही किमतीत धरा. “घरीच तर कुटता येते, मग विकत कशाला?” असं कुणी म्हटलं तर सरळ सांगा, घरच्या माणसांच्या फुप्फुसातून काटकसर करायची नाही. हे समजून दोन पैसे जास्त देणारी गिऱ्हाइकं मिळतात. नाही मिळालं एखादं, तर न मिळो.

आता वहिनींच्या गारगोट्यांचं काय झालं, हे विचाराल. “मग माहेरच्या दगडांचं मी करू तरी काय?” असं त्यांनीही मला जरा हिरमुसून विचारलं होतं. आम्ही दोघींनी पिशवी पाण्यात उपडी करून वाटाण्याएवढ्या गोल गारगोट्या निवडून काढल्या. चाळीस सहज निघाल्या. न फोडता, न घासता, जशाच्या तशा मधल्या चौकोनात एकेक बसवल्या आणि बाजूच्या सहा चौकोनांत विकतची लाल-हिरवी खडी भरली. अंगठीतल्या खड्यासारखी ती गारगोटी उठून दिसत होती. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येकजण विचारायची, “हा कुठला हो दगड?” आणि वहिनी सांगायच्या, “आमच्या शेतातला!”

रथसप्तमीपर्यंत वाण द्यायचं असेल तर तीन आठवडे आधी मातीला हात घाला. वाळवायला आठवडा, कुंभाराच्या सवडीनं भाजायला आठवडा आणि खडे बसवून ओवायला आठवडा. आधी एकच करून पाहा, स्वतःच्या हातात घालून चार दिवस वापरा, मग बाकीच्यांची तयारी करा. आणि दगडाची पिशवी उघडताना शेजारी पाण्याचं पातेलं भरून ठेवलंय ना, तेवढं मात्र आधी बघा.